वादळाचा माग



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'समुद्रातले वादळ' असे सांगितले. त्यावर एका तरुण कार्यकर्त्याने हसून विचारले, "भाऊ, किन्हीराज्याले समुद्र कवा आला?" प्रश्न रास्त आहे. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि बंगालचा उपसागर त्याहूनही पुढे. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्यावर ट्रक दिसतात, जहाज काही दिसत नाही. बरे, बोलणारा तरी कोण? ज्याची शाळा लवकर सुटली, ज्याची उमर हमालांच्या पाठीवरच्या पोत्यांचे हिशेब मांडण्यात गेली आणि ज्याने जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, बैठक संपल्यावर दिवा मालवेपर्यंत, असा माणूस. तरीही आम्ही हा विषय हट्टाने घेतला. कारण २०२१ सालच्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातले एक वादळ चालत चालत आपल्या शिवेपर्यंत आले होते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते वादळ होते हेच ठाऊक नाही. आपण त्याला नुसता 'पाऊस' म्हणालो.

त्या वादळाचे नाव 'गुलाब'. नाव पाकिस्तानने सुचवलेले. आपल्या दोन्ही समुद्रांतल्या वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ सालापासून सुरू झाली. काठावरचे देश आपापली यादी देतात आणि दिल्लीचे हवामानखाते पाळीपाळीने त्यातले नाव उचलते. तर हे गुलाब २५ सप्टेंबरला उपसागरात वादळाच्या पदवीला पोहोचले आणि २६ तारखेच्या रात्री आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ, किनाऱ्यावर चढले. समुद्रावरचे वादळ जमिनीवर आले की त्याचा दाणापाणी तुटतो. ऊन पाण्याची वाफ हे त्याचे सरपण असते, ते जमिनीवर मिळत नाही. म्हणून गुलाबाचा वारा पडत गेला, परंतु पोटातले पाणी तसेच राहिले. तेलंगण ओलांडून ते २८ तारखेला मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाच्या शिवेवर आले. किनारा सोडल्यापासून इथपर्यंत यायला त्याला सुमारे दीड दिवस लागला. हिशेब केला तर ताशी वीस किलोमीटर, म्हणजे जोर लावून मारलेल्या सायकलचा वेग.

त्या आठवड्यात आपल्याकडे काय चालले होते? सोयाबीनची सोंगणी. कुठे शेंगा उभ्या वाळत होत्या, कुठे कापून पसरल्या होत्या, कुठे सुडी लागली होती. त्यावर तो पाऊस कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, मराठवाड्यात गावेच्या गावे पाण्यात गेली, आणि भिजलेल्या शेंगांना कोंब फुटले. आपल्या शेजारी उमरखेड तालुक्यात, दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना, नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी गाडी वाहून गेली आणि तीत माणसे दगावली.

आणि गंमत पाहा. गंमत हा शब्द जड जिभेनेच वापरतो. हे वादळ इथे संपले नाही. ते गुजरातेकडे सरकले, ३० सप्टेंबरच्या सुमारास अरबी समुद्रात उतरले, तिथे त्याला पुन्हा सरपण मिळाले आणि ते पुन्हा उठले. मधल्या काळात त्याची वादळाची पदवी गेली होती, म्हणून नियमाप्रमाणे त्याला दुसरे नाव मिळाले : 'शाहीन', म्हणजे ससाणा. हे नाव कतार देशाचे. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. आंध्रापासून ओमानपर्यंतची ही सगळी वाटचाल डोळ्यांत तेल घालून कोणी पाहिली? ती पाहिली कृत्रिम उपग्रहांनी.

आता हा पहारा कसा चालतो ते समजून घेऊ. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी जवळजवळ चोवीस तासांत घालतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते. परिणामी तो आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा असतो. शेजारून त्याच वेगाने धावणाऱ्या गाडीतला माणूस जसा खिडकीतून स्थिर दिसतो, तसेच हे होय. २०२१ साली आपल्या देशाचे इन्सॅट-३डी आणि इन्सॅट-३डीआर असे दोन पहारेकरी वर होते. पहिला २०१३ साली गेला, दुसरा २०१६ साली. प्रत्येक जण अर्ध्या अर्ध्या तासाने चित्र पाठवी आणि दोघांच्या वेळा अशा लावलेल्या होत्या की खाली दर पाव तासाला एक ताजे चित्र मिळे. २०२४ साली इन्सॅट-३डीएस हा तिसरा त्यांच्या जोडीला गेला. या घराण्यातल्या एका जुन्या उपग्रहाला कल्पना चावलाचे नाव आहे. तो २००२ साली 'मेटसॅट' म्हणून सोडला आणि पुढच्या वर्षी, ती अवकाशयानाच्या अपघातात गेल्यानंतर, त्याचे 'कल्पना-१' असे नामकरण झाले.

दिवसा हा उपग्रह आपल्या डोळ्यासारखाच सूर्यप्रकाशात पाहतो. पण वादळ रात्री झोपत नाही. रात्री तो उष्णता पाहतो. दिवा नसलेल्या घरात चूल कुठे आहे हे हाताला लागणाऱ्या धगीवरून कळते, त्यातला हा प्रकार. समुद्राचा पृष्ठभाग ऊन असतो आणि ढग जितका उंच चढेल तितका त्याचा माथा थंड. मोठ्या वादळाच्या ढगांचे माथे शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत गारठलेले असतात. म्हणून चित्रात जिथे थंडी जास्त, तिथे ढग उंच, आणि तिथेच खाली कोसळ जास्त, असा ढोबळ आडाखा बांधता येतो. त्या ढगांचे पट्टे एका बिंदूभोवती गुंडाळू लागले की जाणकार ओळखतात, वादळ बाळसे धरते आहे. आपल्या गोलार्धात ते नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. चित्रामागून चित्र लावून त्या बिंदूची जागा टिपत गेले की वादळाचा माग तयार होतो. चोराची पावले शोधणाऱ्या मागकऱ्याचे काम याहून वेगळे नसते.

पण वाऱ्याचा जोर किती, हे छत्तीस हजार किलोमीटरवरून कसे कळावे? ढगाला काही ॲनिमोमीटर, म्हणजे वारा मोजण्याचे यंत्र, लावलेले नसते. इथे व्हर्नन ड्वोराक नावाच्या अमेरिकन माणसाची करामत आम्हांला फार आवडते. मुरलेला हमाल पोत्याला नुसता हात घालून वजन सांगतो. त्याने हजार पोती उचललेली असतात, पोत्याची फुगवण, शिवणीवरचा ताण हे त्याच्या अंगात मुरलेले असते. ड्वोराकने १९७० नंतरच्या वर्षांत वादळांच्या चित्रांचे हेच केले. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला आहे, मधला ढग किती घट्ट आणि गार आहे, डोळा उघडला आहे की नाही, हे पाहून त्याने एकपासून आठपर्यंत अर्ध्याअर्ध्याची शिडी बांधली. अडीचला पोहोचले की त्याला चक्रीवादळ म्हणायचे, साडेतीनला तीव्र, चारला अतितीव्र. आजही दिल्लीत वादळाची ताकद ठरवताना ही शिडी वापरतात. नजरअंदाजाला शास्त्र बनवता येते याचे एवढे चांगले उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

या शिडीवर गुलाब खालच्याच पायऱ्यांवर राहिले. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा. शिडी वारा मोजते, पाऊस मोजत नाही. आणि आपले घर वाऱ्याने नव्हे, पावसाने बसवले. 'वादळ ओसरले' ही बातमी ऐकून विशाखापट्टणमचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो तेव्हा उमरखेडच्या माणसाने सावध व्हायचे असते, हे कोणी मोठ्याने सांगत नाही.

उपग्रहाच्याही मर्यादा आहेत. वरचा ढग गच्च झाकून बसला की खालचे केंद्र दिसत नाही. मग ध्रुवांवरून फेऱ्या मारणारे दुसरे उपग्रह मदतीला येतात. त्यांची सूक्ष्मलहरींची उपकरणे ढग भेदून पाहतात, समुद्राच्या खवळलेपणावरून वारा ताडतात. किनाऱ्याजवळ आल्यावर रडार त्याला पकडते. आणि उपग्रह दाखवतो तो आत्ताचा क्षण. उद्याचे वादळ कुठे असेल हे त्याला ठाऊक नसते. ते गणिताने काढावे लागते, आणि त्या गणितासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' नावाचा महासंगणक बसवला गेला. म्हणून वादळाच्या नकाशात पुढची वाट एका रेघेने न दाखवता रुंद होत जाणाऱ्या सुपासारखी दाखवतात. या सुपात कुठेही वादळ जाऊ शकते असा त्याचा अर्थ. आम्हांला हा सूप प्रामाणिक वाटतो. ज्याला आपण किती चुकू शकतो हे आकड्यात सांगता येते, त्या शास्त्रावर विश्वास ठेवावा.

पूर्वी हे काम कसे होई? 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचा गृहस्थ वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या कप्तानांच्या रोजवह्या गोळा करी. कोणत्या तासाला वारा कोणत्या दिशेचा होता हे ताडून तो वादळाचे वर्तुळ कागदावर उभे करी. १८४८ साली त्याने हा शब्द छापला. विचार करा, त्या वेळी वादळाचा माग वादळ गेल्यावर लागत असे, आणि तोही वाचलेल्यांच्या तोंडून. बुडालेल्यांच्या रोजवह्या समुद्रातच राहत. पुढे बंदरांवर धोक्याचे बावटे लागू लागले. आजही एकपासून अकरापर्यंत त्यांचे क्रमांक आहेत, आणि 'तीन नंबरचा बावटा' म्हणजे काय हे कोकणातल्या पोरालाही समजते. वरून पहिली नजर पडली ती १९६० साली. त्या वर्षी १ एप्रिलला अमेरिकेने टायरॉस-१ सोडला आणि दहाच दिवसांत त्याच्या चित्रात दक्षिण पॅसिफिकमधले एक वादळ सापडले.

या नजरेने माणसे वाचतात, याबद्दल शंका नको. १९९९ सालच्या ऑक्टोबरात ओरिसात महाचक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले. ते आधी हेरले गेले, सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली, आणि मृत्यू शेकड्याच्या आत राहिले. यातले उपग्रहाचे श्रेय उपग्रहाला द्यावेच, परंतु दहा लाख माणसे काही उपग्रहाने हलवली नाहीत. ती बसगाड्यांनी हलवली, तलाठ्यांनी आणि शिपायांनी दारोदार जाऊन हलवली, आणि त्यांना उतरायला पक्की आसराघरे आधी बांधून ठेवलेली होती. इशारा आणि आसरा यांच्यामध्ये माणसांची साखळी होती.

ही साखळी जिथे तुटते तिथली गोष्ट आता सांगायची आहे. खरे म्हणजे तिच्याचसाठी आम्ही उभे राहिलो.

२०२१ च्याच मे महिन्यात अरबी समुद्रात 'ताउक्ते' आले. म्यानमारने दिलेले हे नाव एका पालीचे आहे. कमी दाबाचा पट्टा लक्षद्वीपजवळ नीट आकाराला येण्याच्या आधीच, ११ मेपासून, सूचना निघू लागल्या होत्या. १४ तारखेला वादळ जन्मले, मग दिवसागणिक एकेक पायरी चढले. १७ तारखेला ते अतिशय तीव्र होऊन मुंबईच्या समोरून उत्तरेला गेले आणि त्याच रात्री दीवजवळ जमिनीवर आले. एकही पाव तास असा गेला नाही की त्याची जागा ठाऊक नव्हती. आणि त्याच समुद्रात, मुंबईपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, हिरा तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' नावाचा तराफा नांगरून उभा होता. तराफा म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, कामगारांना राहण्याचे तरंगते घर. त्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले, तराफा वाहत सुटला, आणि १७ तारखेच्या संध्याकाळी बुडाला. आरमाराच्या 'कोची' आणि 'कोलकाता' या जहाजांनी त्या लाटांत उतरून केलेले काम अलौकिक म्हणावे असे आहे. १८६ जण जिवंत हाती लागले, ७५ गेले. शिवाय 'वरप्रदा' या नांगर ओढणाऱ्या छोट्या बोटीवरच्या तेरांपैकी अकरा. एकूण शहाऐंशी. त्यांतल्या काहींची ओळख रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी करून पटवावी लागली.

दोष कोणाचा, हे पाहायला सरकारने समिती नेमली. आम्ही या व्यासपीठावर न्यायाधीश होऊन बसणार नाही. आम्हांला बोचते ते निराळेच आहे. २००९ साली 'फयान' वादळ कोकणावर आले तेव्हा कितीतरी मच्छीमार होड्या समुद्रात होत्या आणि किनारा सोडल्यावर दहा-बारा किलोमीटरांपुढे त्यांच्यापर्यंत फोनचा आवाजही पोहोचत नव्हता. तिथे इशारा न पोहोचणे हे दुखणे होते. त्यावर उपाय निघाला. २०१९ साली 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र आले, ते उपग्रहावरून थेट होडीत सूचना देते. पण पी-३०५ वर फोन होते, बिनतारी होती, सूचना होत्या. तिथे इशारा पोहोचला होता. तो ऐकून 'चला, काम बंद, किनाऱ्यावर' असे म्हणण्याचा अधिकार मात्र तिथल्या वेल्डरला, फिटरला, भात शिजवणाऱ्याला नव्हता. कामगार निघून गेला असता तर त्याला कामावरून पळालेला म्हटले असते.

कायदा काय म्हणतो? भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात एक कलम घातले गेले : धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात जिवाला तत्काळ धोका आहे असे कामगारांना रास्तपणे वाटले, तर ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानी घालण्याचा त्यांना हक्क होता. कानी घालण्याचा! पुढे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवायचे. २०२० च्या कामगार सुरक्षिततेच्या संहितेतही हाच सूर आहे. याउलट आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८१ साली केलेल्या १५५ क्रमांकाच्या ठरावात स्पष्ट म्हटले आहे की, गंभीर धोका समोर दिसून कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. मागणी काय करायची हे ज्यांना शोधायचे आहे, त्यांनी तो ठराव वाचावा.

शिवाय हे कायदे आस्थापनांपुरते. सोंगणीला गेलेल्या बाईला कोणते कलम लागू? ती सोंगणी उक्त्याने घेतलेली असते, एकरावर पैसे. सप्टेंबरच्या दुपारी आभाळ काळे झाले की तिला विजेचे भय वाटत नाही असे नाही. पुण्याच्याच संस्थेचे 'दामिनी' नावाचे साधन आता फोनवर मिळते, जवळपास वीज पडण्याचा संभव ते आधी सांगते. मुलाने आईच्या फोनवर ते घालून दिले, फोन वाजला, तिने पाहिले. आणि मग? धुऱ्यावर येऊन बसली तर तासाभराचे काम कोणाच्या खात्यात? हाच सवाल पुलापाशी आलेल्या एसटीच्या चालकाचा आहे. दहागावच्या प्रसंगाचा निवाडा आम्ही करीत नाही. पण पाणी ओसरेपर्यंत गाडी उभी करणाऱ्या चालकाला शाबासकी मिळते की उशिराचा जाब, हे प्रत्येक आगारात आधीच लिहून ठेवलेले असावे, असे आमचे म्हणणे आहे.

हवामानखात्याचे रंग आता घरोघर माहीत झाले आहेत, तरी अर्थ सांगून ठेवतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवा. सरकार ज्याला 'हालचाल करा' म्हणते, त्याला हालचाल करायची मुभा कोणी दिली?

आमच्या ओळखीच्या एका धान्यबाजारात, गावाचे नाव सांगत नाही, गेल्या पावसाळ्यापासून हेच बोलणे चालू आहे. हमालाला पोत्यामागे दर. ज्या दिवशी पोते नाही त्या दिवशी पैसा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने आम्हांला पुष्कळ दिले, पण थांबलेल्या दिवसाचे उत्तर त्यातही नीट सापडत नाही. लाल इशारा असलेल्या दिवशी उघड्या ओट्यावर मालाची हलवाहलव चालू होती, विजा चमकत होत्या, आणि एक म्हातारा हमाल आम्हांला म्हणाला, "भाऊ, ढग दिल्लीले दिसला, पन मुकादमाले कोन दाखवावं?"

त्यावरून आम्ही करारात घालायला दोन ओळी लिहून दिल्या. जिल्ह्याला लाल इशारा असेल त्या मुदतीत उघड्यावरचे काम बंद, आणि त्या बंदीच्या दिवसाला प्रत्येक हमालाला मागच्या सात दिवसांच्या सरासरी कमाईची निम्मी रक्कम. पहिली ओळ व्यापाऱ्यांनी मान्य केली. भिजलेला माल त्यांनाही नको असतो. दुसऱ्या ओळीवर त्यांचे म्हणणे असे, की इशारा सबंध जिल्ह्याचा असतो, आमच्या ओट्यावर थेंबही पडला नाही तर पैसे कशाचे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तो मघाच्या सुपाचाच आक्षेप आहे. आमचे उत्तर असे की सुपाच्या रुंदीचा खर्च एकट्या हमालाने का सोसावा, आणि तसे वाटत असेल तर तासातासाची उपग्रहचित्रे हवामानखात्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात, ती बाजारसमितीच्या कचेरीत सर्वांना दिसतील अशी लावा, ढग पुढे सरकलेला दोन्ही बाजूंच्या माणसांना मान्य झाला की काम सुरू करा. चित्रे लावायला ते कबूल झाले आहेत. निम्म्या रकमेऐवजी पाव रकमेवर गाडी अडली आहे. सोयाबीन बाजारात येण्याच्या आत पुन्हा बसायचे ठरले आहे.